आधी 'ब्रायटन रॉक' की 'द थर्ड मॅन'?

दुसऱ्या महायुद्धानंतरचे ब्रिटिश नुआर (गुन्हेगारी जगाचे काळोखे, निराश सूराचे चित्रपट) पाहायचे म्हटले की सगळे आधी 'द थर्ड मॅन'चं (१९४९) नाव घेतात. माझा कौल 'ब्रायटन रॉक'ला (१९४७) आहे. दोन्हींच्या पटकथेमागे ग्रॅहम ग्रीन आहे. 'ब्रायटन रॉक' त्याच्याच कादंबरीवरचा आणि त्यात नाटककार टेरेन्स रॅटिगनचाही हात. दोन्हींत गुन्हेगारावर जीव लावणारी एक बाई आहे. फरक आहे तो गुन्हेगार आपल्या किती जवळ येतो यात.

'द थर्ड मॅन' घडतो व्हिएन्नात, शहर चार विजेत्या राष्ट्रांनी वाटून घेतलेलं असताना. भेसळ केलेलं पेनिसिलिन काळ्या बाजारात विकलं जातंय. त्याची झळ बसलेली मुलं आपल्याला दिसत नाहीत. रुग्णालयातल्या प्रसंगात दिसतात ती मोठ्या माणसांची तोंडं आणि टाकून दिलेलं एक खेळण्यातलं अस्वल. या धंद्यातला गुन्हेगार झालेला ऑर्सन वेल्स तासाभरानंतर अवतरतो आणि सगळं माहीत असूनही आपण त्याच्यावर भाळतो. कॅरल रीडचं दिग्दर्शन, रॉबर्ट क्रॅस्करची तिरकी, ओल्या रस्त्यांवर चमकणारी छायाचित्रं (त्यांना ऑस्कर मिळालं), अँटन कारासचं झिदर हे तारवाद्य. कारागिरीत हाच सरस, यात वाद नाही.

पण जॉन बोल्टिंगच्या 'ब्रायटन रॉक'मध्ये भाळायला काहीच नाही. पिंकी सतरा वर्षांचा, टोळीचा म्होरक्या. सुट्टीच्या गर्दीनं फुललेल्या समुद्रकाठी, भर दुपारी, एका माणसाचा पाठलाग होतो. आजूबाजूचे लोक मजेत आहेत आणि त्याला कुणी वाचवू शकत नाही. नुआरमधली भीती रात्रीचीच असते असं वाटणाऱ्यांनी हा भाग जरूर पाहावा. पुढे रोझ या वेट्रेसला नको ते कळतं. बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, म्हणून पिंकी तिच्याशी लग्न लावतो. तिला ते प्रेम वाटतं. कॅरल मार्शचा तो विश्वासानं उजळलेला चेहरा पाहवत नाही.

पिंकी झालाय रिचर्ड ॲटनबरो. 'गांधी'मध्ये (१९८२) आपल्या रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबा करणारा दिग्दर्शक तो हाच, हे पटायला वेळ लागतो. १९४३ मध्ये रंगभूमीवरही त्यानं पिंकी केला होता. इथे तो आवाज चढवत नाही, पापणीही क्वचितच हलवतो, आणि म्हणूनच त्याची धास्ती वाटते.

उणिवा आहेत. बोली भरभर आणि गल्लीतली, त्यामुळे सबटायटल्स हवीतच. कादंबरी वाचलेल्यांना शेवट मवाळ केल्याचं खटकेल, मलाही खटकतो.

घरच्या सगळ्यांबरोबर बसून पाहायचं असेल, तर मात्र 'द थर्ड मॅन'च लावा: त्यात विनोद आहे, वेग आहे. फक्त १०४ मिनिटांची ब्रिटिश आवृत्ती शोधा. अमेरिकेत दाखवलेली अकराएक मिनिटांनी कापलेली होती, आणि सुरुवातीचं निवेदनही त्यात बदललं होतं.