कमरेच्या लीशचे आठ महिने: देवबागच्या संगमावरील अनुभव

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस मी पायाला बांधायची लीश, म्हणजे पडल्यावर बोर्ड दूर जाऊ नये म्हणून त्याला माणसाशी जोडणारी दोरी, बाजूला ठेवून कमरेची लीश घेतली आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पुन्हा समुद्र खवळेपर्यंत, आठवड्यातून दोनदा आणि जमेल तेव्हा तीनदा ती वापरली. माझा बोर्ड म्हणजे उभे राहून वल्हवायचा पॅडलबोर्ड, लाटांवर चालवायचा, ९ फूट २ इंच लांबीचा आणि टणक आहे. त्याचे वजन साडेनऊ किलो भरते आणि माझे ७४. वापराची जागा बहुतेक वेळा एकच होती, ती म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते तो देवबागचा संगम. एका हाताला देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी, दुसऱ्या हाताला भोगवे, आणि मधल्या वाळूच्या उथळ्यावर फुटणाऱ्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या लाटा. या जागेची अडचण अशी, की एकाच सकाळी लाट आणि प्रवाह ही दोन्ही पाणी भेटतात. लाटेत सोयीची असणारी लीश प्रवाहात घातक ठरू शकते आणि प्रवाहात योग्य असलेली लाटेत त्रास देते. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्या घडणीच्या कोणत्याही लीशला लागू पडेल.

पायाच्या लीशविषयी माझी पहिली तक्रार साधी होती. उभ्याने पॅडल मारताना पावले सतत सरकवावी लागतात. लाट पकडताना एक पाय मागे जातो, वळवताना तो आणखी मागे शेपटीपर्यंत जातो, आणि दोरी नेमकी त्या टाचेखाली येते. बोर्डावरच्या ओल्या पॅडवर दोरीवर पडलेले पाऊल म्हणजे केळीच्या सालीवर पडलेले पाऊल. पण खरे कारण हे नव्हते. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत संगमातून पाणी जोराने बाहेर पडते, आणि त्या पाण्यात जाळ्यांचे दोर, बोये आणि बांबूचे खुंट असतात. पायाची लीश अशा खुंटाला अडकली, तर बोर्ड खुंटाच्या एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला आणि पाण्याचा सगळा जोर घोट्यावर, अशी स्थिती होते. त्या वेळी घोट्यापर्यंत हात न्यायचा, तर प्रवाहाविरुद्ध कमरेत वाकावे लागते, आणि वेगाच्या पाण्यात ते बलदंड माणसालाही जमत नाही. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट येथे फुगलेल्या नदीच्या बंधाऱ्यावर झालेल्या अपघातात चार पॅडलबोर्डर दगावले. त्या अपघातानंतर वाहत्या पाण्यात पायाची लीश वापरू नये हा सल्ला बराच पसरला. आपल्याकडे मात्र बोर्डासोबत पेटीत जी लीश येते ती बहुधा पायाचीच असते, आणि तीच खाडीतही नेली जाते.

निवड करताना मी सुरुवातीला दोरीची जाडी आणि लांबी पाहत बसलो होतो. आता मागे वळून पाहताना वाटते, की दोरी पुढे बदलता येते. पाहायची असते ती सुटका. कमरेच्या ज्या लीश मी हाताळल्या, त्यांत सुटकेचे तीन प्रकार दिसले. पहिल्यात दप्तराला असते तसे, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून उघडायचे प्लॅस्टिकचे बक्कल असते. ते स्वस्त आणि ओळखीचे आहे, पण पट्टा ताणलेला असताना ओल्या, गारठलेल्या बोटांनी चिमटी घेणे अवघड जाते. दुसऱ्यात दोरीची कडी वेल्क्रोच्या पट्टीत अडकवलेली असते आणि पट्टीच्या टोकाचा गोळा ओढला की ती उलगडते. हा प्रकार नवा असताना उत्तम चालतो. मात्र वेल्क्रोत वाळू भरू लागली, की कधी घट्ट धरतो, कधी नको तेव्हा सुटतो. तिसऱ्यात पट्ट्याचे मोकळे टोक पुढच्या खटक्याच्या बक्कलात दाबून धरलेले असते. गोळा ओढताच खटका उघडतो, पट्टा सैल होऊन कडीतून निसटतो आणि कडी, दोरी, बोर्ड हे सगळे आपल्यापासून वेगळे होते. मी हा तिसरा प्रकार घेतला. साडेचार हजार रुपये पडले, जे एका दोरीसाठी घरात कोणालाच पटले नाही.

पहिल्या आठवड्यात मी लाटांत गेलोच नाही. खाडीच्या आतल्या बाजूला, छातीएवढ्या पाण्यात, मित्राला बोर्ड धरून उलट्या दिशेने ओढायला सांगितले आणि गोळा ओढला. पट्टा क्षणात सुटला. समाधान वाटले. मग त्याला दोरी सैल सोडायला सांगितली आणि पुन्हा ओढला. खटका उघडला, पण पट्टा कमरेभोवती तसाच राहिला आणि कडीही त्यातच लटकत राहिली. याचे कारण नंतर उलगडले. या घडणीत पट्ट्याला बाहेर खेचण्याचे काम ताण करतो. ताण नसेल तर हाताने झटकावे लागते. शिवाय माझ्या पट्ट्याचे टोक वीतभर जास्त लांब होते आणि लोंबू नये म्हणून मी ते शेजारच्या रबरी पट्टीत खोवले होते. ते खोवलेले टोकच अडकत होते. मी पट्टा तिरका कापून मेणबत्तीवर त्याची कड वितळवून बंद केली. मात्र माप घेताना पावसाळी जाकिटावरून घेतले, कारण नुसत्या अंगावर घेतलेले माप पुढे आखूड पडते. रबरी पट्टी काढून टाकली. वस्तूसोबतच्या माहितीपत्रकात यातले काहीच नव्हते, आणि दुकानदाराला विचारले तेव्हा त्याने लोंबते टोक गाठ मारून ठेवण्याचा सल्ला दिला. कृपया कोणीही ती गाठ मारू नये. सुटकेच्या पट्ट्याला गाठ मारली की तो साधा दोर होतो.

त्यानंतर सराव असा केला: डोळे मिटून, आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने, दुसऱ्या हातात पॅडल धरून. डावा हात पहिल्या दिवशी गोळा शोधत बेंबीपासून बरगडीपर्यंत फिरत होता. पंधरा दिवसांनी तो आपोआप जागेवर जाऊ लागला. अजूनही पाण्यात उतरण्यापूर्वी मी एकदा गोळ्यावर हात ठेवतो. किनाऱ्यावर बसणारे आमचे नाना हे रोज पाहतात. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, “होडयेक दोरी बांदतत, माणसाक कित्याक?” मी त्यांना सुटका करून दाखवली, तेव्हा त्यांनी गोळा दोनदा स्वतः ओढून पाहिला आणि काही न बोलता परत दिला.

आता दोरीकडे वळतो. माझ्या लीशसोबत १० फुटांची गुंडाळीची, म्हणजे जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी, दोरी आली होती. संथ पाण्यात ती फार चांगली आहे. पाण्यात लोंबत नाही, ओढ लागत नाही, गवत गोळा करत नाही. लाटेत मात्र मी तिच्यावर तीन वेळा चिडलो आणि चौथ्या वेळी घाबरलो. पडल्यावर बोर्ड लाटेबरोबर पुढे जातो, गुंडाळी पूर्ण उलगडते, आणि लाट सरताच ती बोर्डाला आपल्याकडे खेचते. पाण्यातून डोके वर काढावे तो क्षण आणि बोर्ड परतण्याचा क्षण नेमका एकच असतो. सर्फिंगच्या वेटसूटसाठी प्रसिद्ध असलेले जॅक ओनील यांचा डावा डोळा १९७१ साली असाच, लीशने परत ओढून आणलेल्या बोर्डामुळे गेला होता. त्या काळच्या लीश रबरी नळीच्या आणि फार ताणल्या जाणाऱ्या होत्या. आजची युरेथेन या प्लॅस्टिकची सरळ दोरी तितकी ताणत नाही, पण गुंडाळी केली की उसळीचा थोडासा तरी गुण परत येतो. माझ्या वाट्याला फक्त फिनचा, म्हणजे बोर्डाखालच्या पात्याचा, मांडीवर ओरखडा आला. ऑक्टोबरच्या मध्यावर मी त्याच पट्ट्याला ९ फुटांची, ८ मिलिमीटर जाडीची सरळ दोरी जोडली आणि लाटांसाठी तीच ठेवली. ज्यांना फक्त तारकर्लीच्या खाडीत सूर्यास्त पाहत फिरायचे आहे, त्यांनी गुंडाळीच ठेवावी. ज्यांना दोन्ही करायचे आहे, त्यांनी दोन दोऱ्या बाळगाव्यात. बदलायला पाच मिनिटे लागतात.

लाटेवरचा अनुभव संमिश्र आहे, आणि तो तसाच सांगतो. फायदा पहिल्याच दिवशी जाणवतो: पाय मोकळे होतात. बोर्डाच्या नाकाकडे दोन पावले चालत जाणे, परत येणे, टाच बदलणे या गोष्टी मी वर्षभर ज्या धास्तीने करत होतो, ती धास्ती गेली. दोरी कमरेपासून मागे, शेपटीकडे पडलेली असते. तोटा पडल्यावर जाणवतो. पायाची लीश ताणली की पाय ओढला जातो आणि बाकीचे शरीर त्याच्या मागे जाते. कमरेची ताणली की ओढ शरीराच्या मध्यावर येते, आणि कडी पाठीकडे असेल तर माणूस क्षणभर मागच्या मागे कमानीसारखा वाकतो. कमरेएवढ्या लाटेत हे गमतीचे वाटते. नोव्हेंबरात एका सकाळी डोक्याएवढ्या लाटा आल्या, तेव्हा दोन पडण्यांनंतर मी बाहेर आलो आणि पुढचे दोन दिवस खुर्चीतून उठताना पाठीला हात लावत होतो. त्यानंतर मी स्वतःपुरता नियम केला, की लाट छातीच्या वर असेल आणि ओहोटीचा प्रवाह नसेल, तर पोटरीला बांधायची लीश घ्यायची, आणि मोठी लाट असून प्रवाहही असेल, तर घरी बसायचे.

पट्टा फिरतो, ही दुसरी कटकट. ओल्या लायक्राच्या सदऱ्यावर पट्टा घसरतो, आणि चार-पाच वेळा पडल्यावर पाठीकडची कडी कुशीत येते व पुढचा गोळा दुसऱ्या कुशीत जातो. गोळा जागेवर नसेल तर आधीचा सगळा सराव वाया जातो. उपाय म्हणून मी पट्टा सदऱ्याखाली, पोहण्याच्या चड्डीच्या कमरेवर, नितंबाच्या हाडांच्या किंचित वर बांधू लागलो आणि गोळ्यासाठी सदऱ्याचा पुढचा काठ वर खोचू लागलो. दिसायला ते विनोदी आहे. माझ्या धाकट्या बहिणीने हीच लीश महिनाभर वापरली. तिच्या अंगावर पट्टा फिरत नव्हता, पण वर चढून बरगडीला लागत होता, कारण पाठीची गादी माझ्या मापाची होती. विकत घेण्यापूर्वी बांधून, वाकून, हात वर करून पाहावे, एवढेच याबाबत सांगता येईल.

जानेवारीतल्या पौर्णिमेच्या उधाणाला जे घडले, त्यासाठी खरे तर हे सगळे लिहीत आहे. सकाळची भरती भरून ओहोटी लागून अडीच तास झाले होते, आणि मी शेवटची एक लाट म्हणत रेंगाळलो होतो. लाटेवरून पडलो, बोर्डावर चढायच्या आत प्रवाहाने बाजूला नेले आणि एका खुंटाने दोरी धरली. आवाज काहीच झाला नाही. फक्त कमरेला घट्ट मिठी पडल्यासारखे झाले आणि आतापर्यंत माझ्याबरोबर वाहणारे पाणी एकदम माझ्या अंगावरून वाहू लागले. बोर्ड खुंटाच्या पलीकडे उभा राहून थरथरत होता, पाणी मानेपर्यंत चढत होते, आणि खुंटावर चिकटलेली कालवे मला एकेक करून दिसत होती. उजव्या हातात पॅडल होते. डाव्या हाताने गोळा ओढला. ताण पूर्ण होता, त्यामुळे पट्टा जो सुटला तो सापासारखा सळसळत गेला, आणि मी प्रवाहाबरोबर पुढे निघालो. वीस-पंचवीस मीटरवर, उथळ्याच्या कडेला, पाय टेकले. बोर्ड खुंटाला तसाच अटकून राहिला. तासाभराने एका होडीवाल्याने तो सोडवून आणला आणि सोबत भरपूर बोलणीही दिली.

त्या वीस-पंचवीस मीटरांत मला तारले ते अंगातल्या लाइफ जॅकेटने. लीश सोडली म्हणजे आपण स्वतःच्या हाताने आपला सर्वांत मोठा तरंगता आधार सोडून देतो, आणि ही गोष्ट लीश घेताना माझ्या ध्यानातच आली नव्हती. म्हणून कमरेची लीश आणि लाइफ जॅकेट यांची खरेदी एकत्र करावी. जॅकेट आखूड घ्यावे, कारण लांब जॅकेटचा खालचा काठ गोळ्यावर येतो. कमरेला बांधायचा, ओढल्यावर फुगणारा पट्टा ज्यांना आवडतो, त्यांच्या कमरेला दोन पट्टे आणि ओढायच्या दोन वस्तू होतात. घाईत हात कोणत्या वस्तूवर जाईल याची खात्री मला स्वतःविषयी वाटत नाही, म्हणून मी तो प्रकार टाळला.

आठ महिन्यांनंतर वस्तूची अवस्था पुढीलप्रमाणे आहे. पट्ट्याचे कापड उन्हाने फिकट झाले आहे, शिवण शाबूत आहे. खटक्याच्या बक्कलात मार्चमध्ये वाळूचा कण बसून ते अर्धवट उघडू लागले होते. तेव्हापासून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून दहा वेळा उघडझाप करतो, तेल मात्र लावत नाही, कारण तेलाला वाळू आणखी चिकटते. दोरी पीळ घेऊ नये म्हणून असलेल्या फिरत्या कडीवर गंजाचे ठिपके आले आहेत, पण ती फिरते. सरळ दोरीवर, बोर्डाकडच्या टोकापासून हातभर अंतरावर, कालवांनी केलेली एक चीर आहे. नखाने चाचपली तर नख अडकते. अशी दोरी लाटेत कधीही तुटू शकते, आणि जेट स्की व बनाना बोटींची गर्दी असलेल्या किनाऱ्यावर साडेनऊ किलोचा मोकळा बोर्ड जाऊ देणे मला परवडणारे नाही. नवी दोरी मागवली आहे. जुनी नानांनी मागून घेतली. होडीच्या वल्ह्याला बांधायला ती बरी, असे त्यांचे म्हणणे आहे.