बेघरांना घर मिळवून देणाऱ्या संस्था: कोणती सेवा टिकते, कोणती गळते

बेघर माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा वार्षिक अहवाल उघडला की पहिल्याच पानावर खाटांचा आकडा दिसतो. इतक्या खाटा, इतक्या रात्री, इतकी पांघरुणं. आकडा खोटा नसतो, पण त्यावरून सेवा चांगली की वाईट ते कळत नाही. ज्याला घर मिळवून दिलं तो सहा महिन्यांनी त्याच घरात राहतोय का, असं विचारलं की बऱ्याच संस्था कागद चाळायला लागतात. या परीक्षणात तोच प्रश्न हाताशी धरून एकेका सेवेकडे पाहिलं आहे. ओळखीतल्या कुणासाठी मदत शोधणाऱ्यांना आणि देणगीआधी चौकशी करणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आधी बेघर कुणाला म्हणायचं ते. युरोपातल्या अशा संस्थांचा फेआन्त्सा नावाचा महासंघ आहे. त्याने २००५ मध्ये केलेल्या वर्गवारीत चार गट आहेत: डोक्यावर छप्परच नसलेले, निवाऱ्यात किंवा वसतिगृहात असलेले म्हणजे छप्पर आहे पण घर नाही असे, आज आहे ती जागा उद्या राहील याची खात्री नसलेले, आणि राहण्यालायक नसलेल्या जागेत राहणारे. बहुतेक संस्थांचं काम पहिल्या दोन गटांपुरतं असतं. बायका बऱ्याचदा तिसऱ्या गटात सापडतात. आज या ओळखीच्या घरी, उद्या त्या, आणि त्या आसऱ्याची किंमत कधी घरकाम करून तर कधी मारहाण सोसून चुकवायची. फुटपाथवरून फेरी मारणाऱ्याला त्या दिसणारच नाहीत. संस्थेकडे बायका स्वतः चालत येऊ शकतील अशी दिवसाची वेगळी जागा नसेल, तर तिचा ‘आमच्याकडे बायका फारशा नाहीत’ हा दावा मनावर घेऊ नका.

सगळ्यांत कमी गाजावाजा आणि सगळ्यांत जास्त फायदा असलेली सेवा म्हणजे घर जाण्याआधीची मदत. घर खाली करण्याची नोटीस घेऊन माणूस आला की चांगला सल्लागार त्याच दिवशी तीन गोष्टी पाहतो: नोटिशीची तारीख आणि मुदत कायद्यात बसते का, थकबाकीचा आकडा पावत्यांशी आणि बँकेच्या नोंदींशी जुळतो का, आणि उरलेली रक्कम किती हप्त्यांत फेडणं झेपेल. मग घरमालकाशी बोलणं. मालकाला माणूस नकोसा झालेला असतो असं नाही, थकलेलं भाडं नकोसं झालेलं असतं. थोडी रक्कम संस्थेने थेट भरली आणि बाकीचे हप्ते लेखी ठरले की अनेक प्रकरणं तिथेच मिटतात. नवं घर, डिपॉझिट, सामान आणि मधल्या काळातला निवारा यांच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ असते. गडबड होते ती उशिरामुळे. लोक नोटीस आल्यावर येत नाहीत, कोर्टाची तारीख दोन दिवसांवर आली की येतात. दुसरी चूक म्हणजे भांडण होऊन किल्ली मालकाच्या हातात देऊन मोकळं होणं. मग ‘स्वतःहून घर सोडलं’ असा शेरा बसतो आणि पुढची मदत मिळवताना तो आडवा येतो. सल्लागाराला विचारल्याशिवाय किल्ली देऊ नये, हे संस्थेने पहिल्याच फोनवर सांगायला हवं. पाचपैकी पाच गुण, पण वकील किंवा प्रशिक्षित सल्लागार असेल तरच.

रस्त्यावर झोपणाऱ्यांना भेटायची फेरी रात्री उशिरा किंवा पहाटे काढतात, कारण दिवसा माणसं झोपायच्या जागी नसतात. दोघांनी मिळून जायचं, झोपलेल्याच्या डोक्याशी उभं राहायचं नाही, खाली बसून थोडं अंतर ठेवून बोलायचं आणि देता येणार नाही ते कबूल करायचं नाही. पहिल्या भेटीत समोरच्याने नावसुद्धा सांगितलं नाही तर त्यात वावगं काही नाही. तेच दोन चेहरे पुन्हा पुन्हा दिसले की बोलणं सुरू होतं. म्हणून दर दोन महिन्यांनी माणसं बदलणाऱ्या संस्थेची फेरी शेवटी नुसतं वाटप होऊन बसते. फेरीबरोबर नर्स असेल आणि ती पाय तपासत असेल तर संस्थेला काम कळतं असं समजा. दिवसेंदिवस ओले बूट-मोजे पायात राहिले की कातडी पांढरी पडते, सुजते, बधिर होते आणि जखम चिघळेपर्यंत दुखणं जाणवतही नाही.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असतं आणि फोटोत येत नाही, म्हणूनच ते पाहावं. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून पगार किंवा सरकारी मदत जमा होत नाही, आणि पैसे नाहीत म्हणून पत्ता नाही. ही साखळी तोडायला संस्थेने आपला पत्ता टपालासाठी वापरू दिला पाहिजे, कागदांच्या प्रती स्वतःकडे जपल्या पाहिजेत आणि नव्या दाखल्यांचं शुल्क भरलं पाहिजे. प्रती जपणं सगळ्यांत महत्त्वाचं. फुटपाथ साफ करताना गाठोड्यासकट कागद उचलले जातात आणि महिनाभराची धावपळ पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

आता रात्रनिवारा. कडाक्याच्या थंडीत किंवा पुरात तो जीव वाचवतो, त्यावर वाद नाही. पण अनेक संस्था त्यालाच आपलं मुख्य काम समजतात, आणि तिथे आमचं जमत नाही. संध्याकाळी रांग लावा, सकाळी सामानासकट बाहेर पडा, खाट रोज नव्याने मिळवा, अशा वेळापत्रकात नोकरी शोधणं किंवा डॉक्टरची वेळ पाळणं कसं जमायचं? रात्रपाळी करणाऱ्याला तर दारच बंद. जोडप्यांना वेगळं करतात, कुत्र्याला आत घेत नाहीत, कुलपाची पेटी देत नाहीत, आणि मग ‘देऊनही लोक येत नाहीत’ अशी तक्रार करतात. नकाराची कारणं लिहून ठेवणारा निवारा सुधारतो. नाही लिहीत, तो तसाच राहतो.

निवारा पाहायला गेलात तर खाटांची संख्या नंतर विचारा, आधी खिडक्या पाहा. एका मोठ्या खोलीत दाटीवाटीने झोपणाऱ्यांमध्ये क्षयरोग हवेतून पसरतो. खेळती हवा, खाटांमधलं अंतर आणि एकाचं डोकं तर शेजारच्याचे पाय अशी मांडणी असेल तर धोका कमी होतो. ढेकणांसाठी लोखंडी खाटा आणि धुता येणाऱ्या गाद्या लागतात. ज्याचे कपडे उकळत्या पाण्यात टाकायला घेतले त्याला तेवढ्या वेळासाठी दुसरे कपडे लागतात. यातली शेवटची गोष्ट फार ठिकाणी विसरली जाते. पाचपैकी दोन. दिवसभर उघडा, खाट महिनाभर त्याच माणसाच्या नावे आणि पेटीला कुलूप, एवढं असेल तर साडेतीन.

निवाऱ्यानंतर काय, यावर दोन पंथ आहेत. जुना पंथ पायऱ्यांचा: आधी निवारा, मग व्यसन सुटल्याचं दाखवा, मग वसतिगृह, मग सामायिक घर आणि शेवटी स्वतःचं. प्रत्येक पायरीवर परीक्षा, आणि एकदा घसरलं की पुन्हा तळाशी. ज्याला मानसिक आजार आहे किंवा दारू सुटत नाही, तो वर पोहोचतच नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञांनी ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था सुरू केली आणि हा क्रम उलटा केला. आधी स्वतःच्या नावाचा भाडेकरार, मग उपचार, तेही माणसाला हवे असतील तर. ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणतात ते हेच.

कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघर माणसांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निवड न करता दोन गटांत विभागून या पद्धतीची नेहमीच्या सेवांशी तुलना केली. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत हाउसिंग फर्स्ट गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, दुसऱ्या गटातले ३१ टक्के. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, १९८५ मध्ये निवारे आणि वसतिगृहांत २,१२१ खाटा होत्या, २०१६ मध्ये ५२ उरल्या. तिथे जुने निवारे मोडून त्यांच्या जागी स्वतंत्र घरं केली, आणि वाय फाउंडेशनसारख्या संस्थेने साध्या इमारतींत घरं विकत घेऊन ती भाड्याने दिली.

एवढ्यावर भारावून जायचं कारण नाही. कॅनडाच्याच अभ्यासात दारू-अमली पदार्थांच्या वापरात दोन गटांत लक्षणीय फरक पडला नव्हता. घर मिळालं म्हणून माणूस बरा होतो असं नाही. त्याचं घर टिकतं, एवढंच हे आकडे सांगतात, आणि तेवढं पुरेसं आहे. मूळ पद्धतीत भाडेकरूने उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत भाडं भरायचं आणि कार्यकर्त्याची आठवड्यातून एक भेट मान्य करायची, इतक्याच अटी. नाव ‘हाउसिंग फर्स्ट’ आणि करारात दारूची तपासणी, अशी नक्कल ठिकठिकाणी सापडते. ओळखायची असेल तर एका कार्यकर्त्याकडे किती माणसं आहेत ते विचारा. गंभीर आजार असलेल्यांसाठी दहाच्या आसपास, त्याहून कमी गरज असलेल्यांसाठी वीसच्या आत. उत्तर चाळीस आलं तर तिथे घर ‘फर्स्ट’ आणि आधार कधीच नाही.

घरमालकाला तयार करण्यासाठी संस्था डिपॉझिट देतात किंवा रोख न देता हमीपत्र देतात: भाडेकरू जाताना मोडतोड वा थकबाकी निघाली तर ठरावीक मर्यादेपर्यंत आम्ही भरू. हमीपत्रात संस्थेचे पैसे अडकत नाहीत, त्यामुळे त्याच निधीत जास्त लोकांना घर मिळतं. पण कित्येक मालक रोखच मागतात. हमीपत्र घेत असाल तर घरात शिरायच्या दिवशी भिंती, नळ, खिडक्या, गिझर यांची यादी करा, तारखेसह फोटो काढा, दोघांच्या सह्या घ्या. यादीवर सही नसेल तर जुना ओलीचा डागही नव्या भाडेकरूच्या नावावर चढतो. हमीची मुदत कधी संपते तेही पाहा. वर्षाने हमी संपली आणि तोवर भाडेकरूची बचत झालेली नसेल तर मालकाला काढायला निमित्तच मिळतं.

किल्ली हातात आल्यावरचे पहिले आठवडे हाच खरा कस. घर रिकामं असतं. गादी, पांघरूण, शेगडी, दोन भांडी, पडदे आणि बल्ब त्याच दिवशी नसतील तर माणूस पहिल्या रात्री जुन्या जागी परततो, कारण तिथे निदान ओळखीची माणसं आहेत. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे पहिल्या दिवशी टिपून आधीच्या भाडेकरूची थकबाकी वेगळी करून घ्यावी लागते. सरकारी मदतीचा पहिला हप्ता उशिरा येतो आणि भाडं मात्र पहिल्या महिन्यापासून लागू होतं. थकबाकी सुरू होते ती बेशिस्तीने नव्हे, या फटीतून. चांगली संस्था तेवढ्या महिन्यांसाठी निधी राखून ठेवते.

मग एकटेपणा. चार भिंतींत शांतता सहन होत नाही म्हणून जुने सोबती राहायला बोलावले जातात, एकाचे चार होतात, शेजारी तक्रार करतात, आणि कधी मूळ भाडेकरूलाच घरातून बाहेर झोपावं लागतं. यावर कार्यकर्त्याने आधीच बोलून ठेवलेलं असावं: ‘संस्था परवानगी देत नाही’ असं सांगून पाहुण्याला नकार द्यायची मुभा भाडेकरूला हवी. वाईटपणा संस्थेने घ्यायचा.

ही साथ किती दिवस द्यायची, यावर न्यूयॉर्कमध्येच आखलेली नऊ महिन्यांची एक पद्धत आहे. पहिले तीन महिने वारंवार भेटी, पुढचे तीन महिने दवाखाना, शेजार, कामाची जागा यांचे धागे जुळतात का ते पाहणं, आणि शेवटचे तीन महिने हळूहळू मागे सरणं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीड वर्षात या गटातले लोक सरासरी ३० रात्री बेघर होते, नेहमीची सेवा मिळालेले ९१ रात्री. निधी संपला म्हणून तिसऱ्या महिन्यात फाइल बंद करणाऱ्या संस्थेला हे आकडे दाखवावेत.

वेगळा मार्ग एमाउस या चळवळीचा. १९४९ मध्ये पॅरिसजवळ अ‍ॅबे पिएर या पाद्र्यांनी सुरू केलेल्या या वस्त्यांत लोक एकत्र राहतात आणि जुन्या वस्तू दुरुस्त करून विकतात. ज्यांना काम आणि माणसं दोन्ही हवीत त्यांना हे मानवतं. अंगात काम करायची ताकदच नसलेल्याला ते अवघड जातं, आणि काम सोडलं की राहण्याची जागाही सुटते, ही त्यातली मेख.

देणगीचं म्हणाल तर जुन्या कपड्यांची पोती नकोत, ती निवडण्यातच स्वयंसेवकांचा दिवस जातो. नवे मोजे, नवी अंतर्वस्त्रं आणि मोठ्या मापाचे बूट लगेच कामी येतात. पैसे देताना ‘फक्त पांघरुणांसाठी’ अशी अट घालू नका. देणगीच्या पत्रात स्पष्ट लिहा की ही रक्कम घर मिळाल्यानंतर भेटी देणाऱ्या कार्यकर्त्याच्या पगारासाठीही वापरली तरी चालेल. हा खर्च उचलायला देणगीदार सहसा तयार नसतात, त्यामुळे संस्थेकडे सगळ्यात आधी कात्री लागते ती याच भेटींना.