सिव्हिलायझेशन ५ : गांधी, कापूस आणि वरच्या पट्टीतला रडका चेहरा

हा साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम दोन्ही एक्स्पान्शनसकट (नंतर आलेल्या जोड-भागांसकट) सेलमध्ये घेतला होता आणि पैसे केव्हाच वसूल झालेत. २०१० चा गेम, जुन्या लॅपटॉपवर पंखा न ओरडता चालतो. तक्रार एकच, ती हॅपिनेसची, म्हणजे जनता किती खूश याच्या आकड्याची.

हिशेब खेळणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. शहरामागे ३ नाराजी, डोक्यामागे १. एकूण आनंद शून्याखाली गेला की शहरांची वाढ पाव पट, उणे १० ला वाढ ठप्प आणि सेटलर (नवं शहर वसवणारे) बंद, पुढे बंडखोर. इथवर मान्य. पण एकाच लक्झरीचा (कापूस, मीठ असा चैनीचा माल) दुसरा साठा काहीच आनंद देत नाही, हे मला अजून पचलेलं नाही. वर्कर राबवून कापसाचे तीन मळे केले तरी मिळणार पहिल्याचेच ४. उरलेला शेजाऱ्याला देऊन त्याचं मीठ घ्या म्हणे. शेजारी कोण, तर त्याच्या सीमेला खेटून मी शहर वसवलं म्हणून तोंड फुगवून बसलेला! एका मिठाला दोन लक्झरी मागतो, वर सोनं. भाजीवर कोथिंबीर फुकट घेणारा माणूस मी, हे कसं सोसणार? कोलोझियम या करमणुकीच्या इमारतीची तीच गत. आनंद २, पण एक वस्तीच्या गावात १ च धरतात. देखभालीचा खर्च मात्र पूर्ण कापतात.

वैतागून भारताचा नेता गांधी खेळायला घेतला, तर भारताला शहरांची नाराजी दुप्पट, माणसांची निम्मी. नवं गाव वसवलं की थेट ६.५ चा फटका, इतरांना ४. बरेच दिवस मी याला सगळ्यात भिकार नेता म्हणत होतो. मग कागदावर आकडे मांडले. वस्ती ६ झाली की दोघांचे ९-९. २० ला भारताचे १६, इतरांचे २३. म्हणजे गावं मोजकी ठेवायची, नदीकाठी वसवायची आणि फुगू द्यायची. सिव्हिल सर्व्हिसचा शोध लागला की नदीकाठच्या शेतांचं धान्य वाढतं, तिथून डाव पालटतो. ट्रॅडिशन हे धोरण घेऊन चारच शहरांवर खेळलो, शिल्लक आनंदातून सुवर्णयुगंही लागली. लढाईची हौस असेल तर मात्र गांधींच्या वाटेला जाऊ नका. जिंकून थेट राज्यात सामील केलेल्या शहराची जादा नाराजी तिथे कोर्टहाउस ही इमारत होईपर्यंत उरावर बसते.

सहावा भाग मित्राकडे खेळून पाहिला. तिथे हिशेब शहरागणिक आहे, एक लक्झरी चार शहरांना पुरते. दुसरा साठा? तिथेही पडूनच.