हजेरीपट कोणाच्या कपाटात जातो? डिजिटल सुरक्षा प्रशिक्षणाचे तीन मार्ग

डिजिटल सुरक्षेच्या कार्यशाळेत पहिल्या सकाळी चहाच्या टेबलाशेजारी एक कागद ठेवलेला असतो. अनुक्रमांक, नाव, संस्था, मोबाईल, ईमेल, सही असे रकाने त्यावर आखलेले असतात. आपली माहिती परक्याच्या हाती कशी लागू द्यायची नाही हे शिकायला आलेली माणसे आधी त्या कागदावर स्वतःची माहिती लिहितात, सही करता करता वरच्या दहाबारा जणांची वाचतात आणि मग आत जाऊन बसतात. असे कागद मी भरले आहेत आणि संयोजक म्हणून इतरांकडून भरून घेतलेही आहेत. एखाद्या संस्थेपुढे परदेशी सरकारच्या अनुदानातले, आपल्याच सरकारचे आणि खासगी देणगीतून किंवा वर्गणीतून होणारे अशी तीन प्रशिक्षणे असतील, तर अभ्यासक्रमाआधी हा कागद पुढे कुठे जातो ते पाहावे, असे माझे मत त्यातूनच झाले आहे.

ही भीती हवेतली नाही. ५ जुलै २०१७ रोजी इस्तंबूलजवळच्या ब्युयुकअदा बेटावरील एका हॉटेलात डिजिटल सुरक्षेची कार्यशाळा चालू असताना पोलिसांनी दहा जणांना ताब्यात घेतले. त्यांत तुर्कस्तानातील आठ मानवाधिकार कार्यकर्ते होते आणि एक जर्मन व एक स्वीडिश असे दोन प्रशिक्षक होते. बहुतेकांना ऑक्टोबरपर्यंत कोठडीत राहावे लागले. या खटल्यात २०२० मध्ये चौघांना शिक्षा झाली आणि त्यांची निर्दोष सुटका व्हायला २०२३ उजाडले. इथिओपियात २०१४ मध्ये पकडलेल्या ‘झोन नाइन’ गटाच्या ब्लॉगलेखकांवरील आरोपपत्रात तर परदेशी संस्थेकडून डिजिटल सुरक्षेचे प्रशिक्षण घेतल्याचाच उल्लेख होता. इजिप्तमध्ये डिसेंबर २०११ मध्ये परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांच्या कार्यालयांवर छापे पडले, कागदपत्रे आणि संगणक उचलून नेले गेले आणि जून २०१३ मध्ये ४३ जणांना शिक्षा सुनावली गेली. वॉशिंग्टनमधल्या दप्तरापेक्षा कैरोतल्या कपाटातली प्रत आधी हाती लागते, हे त्या छाप्यांतून ध्यानात घेण्यासारखे आहे.

परदेशी सरकारच्या पैशातून होणाऱ्या प्रशिक्षणाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. अनुभवी प्रशिक्षक, प्रवासखर्च, गरज पडल्यास नवा फोन किंवा सुरक्षा-चावी (खात्यात शिरताना ओळख पटवणारे छोटे उपकरण) आणि नंतरचा पाठपुरावा या पैशातूनच शक्य होतो. सिग्नल या सुरक्षित संदेश-ॲपच्या सुरुवातीच्या जडणघडणीलाही अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ओपन टेक्नॉलॉजी फंडाने मदत केली होती. मात्र सरकारी पैसा म्हटला की हिशेब आला. अमेरिकी अनुदानाची कागदपत्रे अंतिम आर्थिक अहवालानंतर तीन वर्षे जपावी लागतात, तर युरोपीय संघाच्या मोठ्या अनुदानांत ही मुदत अंतिम हप्त्यानंतर पाच वर्षांची असते. म्हणजे चार दिवसांच्या कार्यशाळेची प्रवासबिले आणि बोर्डिंग पास सात-आठ वर्षेही कोणाच्या तरी फायलीत राहू शकतात. शिवाय काही देशांत यूएसएआयडी ही परदेशी मदत वाटणारी अमेरिकी सरकारी संस्था भागीदार संस्थांच्या प्रमुख व्यक्तींची नावे आणि जन्मतारखा घेऊन सुरक्षा-छाननी करत असे, आणि पश्चिम किनारा व गाझात ती प्रशिक्षणार्थींनाही लागू होऊ शके.

हेतू वाईट नसला तरी यादी हीच जोखीम ठरते. मे २०२१ मध्ये हल्लेखोरांनी यूएसएआयडीच्या सामूहिक ईमेल पाठवण्याच्या खात्यात शिरकाव करून दीडशेहून अधिक संस्थांतील सुमारे ३,००० खात्यांना फसवे ईमेल पाठवले, आणि त्या संस्थांपैकी किमान एक चतुर्थांश विकास, मदतकार्य किंवा मानवाधिकार क्षेत्रातील होत्या. नेहमीच्या देणगीदाराच्या नावाने आलेले पत्र कोण उघडणार नाही? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला यूएसएआयडीचे कामच बंद झाले. पाठपुरावा एका दिवसात थांबला तरी जमा झालेली नावे आपोआप पुसली जात नाहीत, हाही धडा त्यातलाच.

तरीही या मार्गावर वाटाघाटीला जागा असते, आणि ती फार थोडे संयोजक वापरतात. अमेरिकी अनुदान-नियमांतच गुन्ह्यातील पीडितांची खरी नावे केवळ अपवादात्मक आणि विरळ परिस्थितीत तपासावीत, अशी तरतूद आहे. कार्यकर्ते आपोआप त्या व्याख्येत बसत नाहीत, पण खऱ्या नावाविना लेखापरीक्षण चालू शकते हे सांगायला तिचा चांगला आधार मिळतो. करारावर सही करण्यापूर्वी अनुदान-अधिकाऱ्याकडून लेखी मान्य करून घ्यावे, की अहवालात संख्या, जिल्हा आणि स्त्री-पुरुष प्रमाण एवढेच जाईल, हजेरीला सांकेतिक क्रमांक चालतील, क्रमांक आणि नावे जुळवणारा एकच कागद संयोजकाकडे राहील आणि प्रवासाची तिकिटे संस्था थेट काढेल. अधिकारी तोंडी ‘बघू’ म्हणाले, तर नकार समजून पुढचा पर्याय पाहावा.

आपल्या सरकारच्या प्रशिक्षणाबद्दल फार लिहावे लागत नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या माहिती सुरक्षा जागृती उपक्रमातून, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या मदतीने, पासवर्ड, ऑनलाइन फसवणूक आणि बँक व्यवहारांबद्दल चांगले शिकवले जाते. संस्थेच्या हिशेबनीसाला तिथे जरूर पाठवावे. परंतु ज्यांची काळजीच शासनाच्या नजरेची आहे, त्यांनी तिथे नाव नोंदवताना २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचनेने सूट देऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. पुण्यातील भीमा-कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपवर बाहेरून फायली पेरल्या गेल्याचा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल पुरावे तपासणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये मांडल्यानंतर इथल्या अनेक वकिलांना डिजिटल सुरक्षा शिकायची आहे. त्यांना हा वर्ग पुरणार नाही.

तिसऱ्या मार्गाबद्दल मात्र भाबडेपणा बराच दिसतो. खासगी प्रतिष्ठानही पावत्या मागते. देणगी परदेशी असेल तर ती सरकारची की खासगी यावरून एफसीआरए हा परदेशी देणग्यांवरील कायदा टळत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ‘आम्ही स्वतंत्र’ म्हणणाऱ्या मध्यस्थांच्या मागेही अनेकदा सरकारेच असतात. २०१२ मध्ये सुरू झालेली डिजिटल डिफेंडर्स पार्टनरशिप ही कार्यकर्त्यांना डिजिटल सुरक्षेसाठी मदत करणारी संस्था सरकारांच्याच निधीतून उभी राहिली, आणि ती ते लपवत नाही. राहिली वर्गणी. तिच्यात कागद सर्वांत कमी, पण शिस्तही कमी: नावे गूगल फॉर्मवर घेतली जातात, त्याची शीट ‘लिंक असेल त्याला दिसेल’ अशी उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी सर्वांचा व्हॉट्सॲप गट बनून प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाकडे जातो. देणगीदाराला न दिलेली यादी आपणच वाटून टाकलेली असते.

म्हणून एफसीआरए नोंदणी असलेल्या आणि लेखी अटी मान्य करून घेऊ शकणाऱ्या मोठ्या संस्थेने परदेशी सरकारी अनुदान नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. राजकीय खटल्यांतील वकील आणि त्यांचे अशील यांच्यासाठी मी वर्गणीच निवडेन, तीही आठ-दहा जणांच्या ओळखीच्या गटासाठी, फॉर्म आणि समूहछायाचित्राविना. आणि शक्यतो मुक्कामाविना, कारण पैसा कोणाचाही असला तरी हॉटेलचा काउंटर आधारची प्रत मागतो आणि परदेशी प्रशिक्षकाची माहिती चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे पाठवतो. गावातल्या वाचनालयाच्या खोलीत सकाळी जमून संध्याकाळी घरी परतणाऱ्या गटाची अशी नोंद कुठे होत नाही.