नागनिका, गौतमी, योगेश्वरी की जनाई? लेकीसाठी गोदाकाठची चार नावं

आराध्या, आर्वी, अन्वी, अनन्या. लातूरची बालवाडी असो की नांदेडची, हजेरीपटाचं पहिलं पान 'अ'नंच भरतं. एका वर्गात दोन आराध्या निघाल्या की बाई आडनावानं हाका मारायला लागतात आणि हौसेनं ठेवलेल्या नावाचा उपयोग तिथंच संपतो. मग दुसऱ्या लेकीच्या वेळी 'काहीतरी वेगळं' शोधायला मोबाइल उघडला जातो. तिथं वेगळी नावं ढिगानं मिळतात, पण अर्थ वाचताना हसू येतं. दर तिसरं नाव म्हणजे 'लक्ष्मीचं एक नाव' नाहीतर 'सूर्याचा पहिला किरण'. कुठल्या ग्रंथात, कुठल्या स्तोत्रात, पत्ता नाही.

वेगळंही हवं आणि खरंही हवं, तर आपल्याच भागात बघावं. मी इथं चार नावं शेजारी ठेवलीत. चारही नावांमागे एक बाई किंवा एक देवी आहे आणि तिचा ठावठिकाणा सांगता येतो.

नद्यांची नावं आधीच बाजूला काढली, त्याचं कारण सांगून टाकतो. मांजरा ठेवलं तर पोरीला दहावीपर्यंत 'म्याव' ऐकावं लागेल. बिंदुसरा बीडकरांना गोड वाटेल, पण परगावी लोक अशोकाच्या बापाचं, बिंदुसाराचं नाव समजतील. तेरणा कानाला छान आहे. तिच्या काठचं तेर म्हणजे ग्रीक खलाशांनाही ठाऊक असलेलं जुनं तगर शहर. पण औसा-उमरग्याकडच्या माणसाला तेरणाकाठ म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट आठवते. किल्लारी त्याच खोऱ्यात. ज्यांना चालेल त्यांनी खुशाल ठेवावं.

नागनिका आणि गौतमी

ही दोन्ही सातवाहनांच्या घरातली नावं, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. त्यामुळे ज्यांना देवादिकांऐवजी इतिहासातलं नाव हवं, त्यांची खरी निवड या दोघींतच होते.

नागनिका ही पहिल्या सातकर्णीची राणी. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, कोकणातून पैठणकडे येणाऱ्या व्यापारी वाटेवर, सातवाहनांनी एक लेणं खोदलं. आत राजघराण्याच्या माणसांचे पुतळे होते. पुतळे आता गेले, पायांचे तुटके अवशेष तेवढे राहिले. डोक्यावरच्या ओळी मात्र आहेत, आणि तिथं ब्राह्मी लिपीत राजा सातकर्णीच्या आधी राणीचं नाव कोरलंय. प्राकृतात ते 'नायनिका' असं आहे. बाजूच्या भिंतींवरच्या लांबलचक लेखात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची जंत्री आहे: इतक्या गायी, इतके घोडे, इतके कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. हा लेख नागनिकेचाच मानतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईनं आपला हिशोब दगडावर लिहून ठेवलाय. नावामागे याहून भक्कम कागद कुठला मिळणार?

अर्थाचं म्हणाल तर मुळाशी 'नाग' आहे. संस्कृतात नाग म्हणजे साप आणि नाग म्हणजे हत्तीही. आजीला समजावताना हत्ती पुढं करावा. आजी ऐकेल, शाळा ऐकणार नाही. 'नागी', 'नागीण' हे चिडवणं ठरलेलंच, आणि टीव्हीवरच्या मालिकांनी त्याला खतपाणी घातलंय. या नावाची सगळ्यात मोठी अडचण हीच. घरातलं हाक मारायचं नाव आधीच ठरवा. निका म्हणा, नानी म्हणा, पण 'नागू' तोंडात बसू देऊ नका. एकदा गल्लीनं उचललं की सुटत नाही.

गौतमी याच्या अगदी उलट. उच्चाराला सोपं, चिडवायला अवघड, आणि मागे एक सोडून तीन आधार. पहिला गोदावरीचा: गौतम ऋषींच्या कथेवरून गोदेला गौतमी म्हणतात. दुसरा सातवाहनांचा. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं तिसऱ्या क्रमांकाचं लेणं तिनं नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी भिक्षुसंघाला दान दिलं. तिथल्या लेखात मुलाच्या पराक्रमाचं वर्णन आहेच, पण स्वतः ती सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, असंही लिहिलंय. तिसरा आधार महाप्रजापती गौतमीचा. सिद्धार्थाला वाढवणारी मावशी, पुढं भिक्षुणी संघातली पहिली भिक्षुणी. मराठवाड्यातल्या बौद्ध घरांत हे नाव आपुलकीनं ठेवतात ते त्यामुळे. एकाच नावात गोदेचं स्नान करणारी आजी आणि विहारात जाणारी आजी, दोघी खूश होतात, असं दुसरं नाव मला तरी सुचत नाही.

मग अडलं कुठं? दुर्मिळपणात. गौतमी आता तितकं दुर्मिळ राहिलेलं नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत एका लोकप्रिय नृत्यांगनेमुळे जत्रेपासून लग्नाच्या वरातीपर्यंत हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. बारशात कुणीतरी फिसकन हसणार, हे धरून चाला. लेकरू शाळेत जाईपर्यंत ते विरून जाईल. नुसती मस्करी नडत असेल तर त्यापायी एवढं नाव सोडू नये.

योगेश्वरी आणि जनाई

इथं निवड इतिहासाची नाही, घरच्या श्रद्धेची आहे.

योगेश्वरी अंबाजोगाईची. कोकणस्थांची ती कुलदेवता, त्यामुळे पुण्या-मुंबईची घरंही नवस फेडायला बीड जिल्ह्यात येतात. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, ही कथा त्या भागात पोरासोरांनाही ठाऊक. आणि म्हणूनच एखादी मावशी पाळण्याशी हळूच म्हणते, "लग्न न झालेल्या देवीचं नाव कशाला गं?" मला हा आक्षेप पटत नाही, पण तुमच्या घरात तो निघणार असेल तर बारशाच्या आधी निघू द्या. दुसरी कुरबुर असते ती रागवायची: कुलदेवीच्या नावानं पोरीवर ओरडायचं कसं? त्यावर घरोघरी 'योगू' हा तोडगा निघतो.

अंबाजोगाईत या नावाला नवेपण नाही. शाळेपासून किराणा दुकानापर्यंत पाट्यांवर तेच. तिथंच राहणार असाल तर वेगळेपणाचा मुद्दा गळाला. छत्रपती संभाजीनगरात किंवा पुण्यात मात्र ते भारदस्त वाटतं.

जनाई हे गंगाखेडच्या जनाबाईचं नाव. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडात जन्मली, पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबली, आणि 'नामयाची दासी जनी' म्हणून अभंगांत सही करून गेली. जनाबाई, मुक्ताबाई, सोजरबाई, प्रयागबाई, कौसाबाई ही आज्यांच्या पिढीची नावं. त्यामुळे 'जना' म्हटलं की तरुण आईच्या डोळ्यापुढं नऊवारी येतं. पण नुसतं 'जनाई' म्हणून बघा. सई, जुई, राई यांच्या पंगतीत ते सहज बसतं. गौतमीइतकंच छोटं आणि चारही नावांत हाक मारायला सर्वांत मोकळं. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल असं हेच एक. घरात कुणी जनाबाई होऊन गेली असेल तर आणखी दुसरं कारण शोधायची गरजच नाही.

किती जणींचं आहे, हे कळायचं कसं? अमेरिकेत, ब्रिटनमध्ये दरवर्षी नवजात बाळांच्या नावांची सरकारी आकडेवारी निघते. आपल्याकडे तसं काही नाही. 'भारतातली सर्वाधिक लोकप्रिय शंभर नावं' असं कुणी छापलं तर ते स्वतःच्या संकेतस्थळावरच्या शोधांवरून काढलेलं असतं. त्यापेक्षा जवळच्या अंगणवाडीत आणि शाळेत पहिलीच्या बाईंना विचारावं. माझ्या अंदाजानं नागनिका कुठल्याच वर्गात भेटणार नाही, जनाई क्वचित, योगेश्वरी अधूनमधून आणि गौतमी बऱ्यापैकी.

अक्षर आणि कागद

राशीच्या अक्षरावर नाव ठेवणाऱ्यांसाठी: 'ना' अनुराधेचं, रास वृश्चिक. 'गौ'ला 'गो' धरतात, म्हणजे शततारका, कुंभ. 'जा' उत्तराषाढा, मकर. 'यो' मात्र मूळ नक्षत्राचं, रास धनू. लेक मुळावर जन्मली असेल तर मूळशांतीची पूजा होईल आणि योगेश्वरी अक्षरात चपखल बसेल. बाकीच्यांनी पत्रिकेत एक आणि व्यवहारात एक नाव ठेवायला आपल्याकडे कधीच कुणाची हरकत नव्हती.

कागदाचा विचार त्याहून महत्त्वाचा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात शाळेच्या आणि महसुली कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव अशी पद्धत आहे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घेणाऱ्या राजांच्या मुलखात आईचं नाव लावण्यात नवल ते काय! पण लांबी वाढली. आई भाग्यश्री आणि वडील ज्ञानेश्वर असतील, तर 'योगेश्वरी भाग्यश्री ज्ञानेश्वर' लिहूनच अर्जातले चौकोन संपत येतात, आडनाव राहिलंच. अशा घरात जनाई किंवा गौतमी घ्यावं. आईवडिलांची नावं दोन-तीन अक्षरी असतील तर नागनिका शोभून दिसेल.

इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तिघींत आहे. योगेश्वरीत 'व'साठी डब्ल्यू की व्ही, गौतमीत 'त'नंतर एच लावायचा की नाही. नागनिका इंग्रजीत वाचून परराज्यातला माणूस 'नागानिका' म्हणेल, त्याला इलाज नाही. जनाईला हा त्रास जवळजवळ नाही. जन्मदाखल्यावर मराठी-इंग्रजी दोन्ही नावं येतात आणि २०२३च्या कायदेदुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला पुढं करायचाय. तेव्हा स्पेलिंग कारकुनावर सोपवू नका. मोठ्या अक्षरांत स्वतः लिहून द्या आणि छापायच्या आधी पडद्यावर वाचून घ्या.

माझं मत विचाराल तर पहिली पसंती नागनिकाला. पण घरात हाक मारायचं नाव आधी पक्कं झालं तरच. एकत्र कुटुंब, चार तोंडं, चार मतं असं असेल तर गौतमीवर एकमत लवकर होतं. योगेश्वरी मी फक्त कुलदेवी तीच असलेल्यांना सुचवेन. जनाई कुणालाही.

आणि बाराव्या दिवसापर्यंत ठरलंच नाही तरी घाबरायचं कारण नाही. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांत करून टाका. नावाचा रकाना मोकळा ठेवून नोंद होते. पुढं वर्षभरात नाव फुकट चढवता येतं, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आत्याबाईंनी कानात 'कुर्रर्र' करून काहीही सांगितलेलं असो, एकदा दाखल्यावर चढलेलं नाव बदलायचं म्हटलं की राजपत्रापर्यंतची धावपळ मागे लागते.