बागेत येऊन वही मागणारी सॉफ्टवेअर कंपनी

मी आणि माझे दीर, आम्ही दोघांनी निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं अ‍ॅप करायला घेतलं. कोणत्या प्लॉटवर कोणतं औषध, किती मात्रेत, कोणत्या तारखेला मारलं आणि त्याचा पीएचआय (फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे किमान दिवस) संपायला किती दिवस उरले, एवढंच त्यात हवं होतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांवरून युरोपात आपली द्राक्षं अडली, तेव्हा सासरे निर्यातीचा माल काढत होते. त्या महिन्यातली घरातली शांतता मला अजून आठवते. तेव्हापासून ते प्रत्येक फवारणी वहीत लिहितात. अ‍ॅपची कल्पना त्या वहीतूनच आली.

पहिल्यांदा काम दिलं ते पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीला. चाळीस पानी प्रस्ताव, त्यात हवामान, चॅट, औषधांची खरेदी, सगळं. आम्ही ४० टक्के आगाऊ दिले. चार महिन्यांनी अ‍ॅप हातात आलं, तर इंटरनेटशिवाय फॉर्म उघडत नव्हता आणि आमच्या बागेत रेंज नाही. त्याहून वाईट म्हणजे प्ले स्टोअरवर अ‍ॅप त्यांच्याच खात्यातून गेलं होतं. कोड मागितला तर "शेवटचा हप्ता भरा, मग बघू."

वकिलांनी करार वाचून सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या कंपनीकडून पैसे देऊन कोड लिहून घेतला, तरी तो आपोआप आपला होत नाही. हक्क आपल्या नावावर केल्याचा सहीचा लेखी करार लागतो. त्यातही मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमच्या करारात हक्कांविषयी एक ओळसुद्धा नव्हती. पैसे सोडले आणि नव्याने सुरुवात केली.

दुसरी कंपनी नाशिकची, सात माणसांची. तिघांशी बोलून ही निवडली. प्रत्येकाकडे मी एकच गोष्ट मागितली होती: काम संपवून दुसरीकडे गेलेल्या ग्राहकाचा नंबर. खूश असलेल्यांचे नंबर सगळेच देतात. हा नंबर फक्त यांनी दिला.

पहिल्याच भेटीत त्यांनी वही बघायला मागितली. मग नोव्हेंबरात, डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारण्या जोरात चालू असताना, त्यांच्यातले दोघं सकाळी सहाला बागेत हजर. त्यांच्या लक्षात आलं की ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालू असताना सासरे फोनला हातच लावत नाहीत. दुपारी हातपाय धुऊन, चष्मा लावून ओट्यावर बसतात तेव्हा लिहितात. म्हणून नोंदीचा पडदा त्या वेळेसाठी केला: अक्षरं मोठी, आजची तारीख आधीच भरलेली, रेंज आली की नोंद आपोआप वर जाते. दुसरी गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती. शेतकरी औषधाचं दुकानातलं नाव सांगतो, "एम पंचेचाळीस मारलं" म्हणतो, आणि पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या औषधांच्या यादीत घटकाचं नाव असतं, मॅन्कोझेब. एकच घटक कितीतरी नावांनी विकला जातो. त्यांनी आमच्याबरोबर दोन दिवस बसून ही जोडणी केली. माझ्या मते अ‍ॅपचा खरा जीव त्या जोडणीत आहे.

हवामान आणि चॅट त्यांनी यादीतून काढायला लावलं. दिरांना ते पटेना, पण खर्च जवळपास निम्म्यावर आला.

कोडचं भांडार, सर्व्हर आणि प्ले स्टोअरचं खातं पहिल्या दिवसापासून आमच्या नावावर. खात्याची फी एकदाच २५ डॉलर, ती आमच्याच कार्डावरून गेली. ओटीपीच्या एसएमएससाठी डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या, व्यावसायिक एसएमएससाठीच्या नोंदणी व्यवस्थेवर) आपल्या फर्मची नोंदणी आणि संदेशाचा मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो, हेही यांच्याकडूनच कळलं. दर दोन आठवड्यांनी चालतं काम दाखवायचं आणि मगच पैसे. दरपत्रकात १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला, त्यामुळे बिल बघून धक्का बसला नाही.

तक्रारी आहेत. दहा आठवड्यांचं काम चौदावर गेलं, कारण मधेच त्यांचा एक मुलगा नोकरी सोडून गेला. तो गेला त्याच दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं, हे मान्य. पण आम्हाला हंगामाचा शेवटचा महिनाच मिळाला. मराठीकडेही त्यांचं लक्ष कमी. "सबमिट करा"चं "नोंद करा" करून घ्यायला मला तीनदा सांगावं लागलं. आणि पहिले तीन महिने सोडले तर देखभालीचे पैसे दरमहा वेगळे. ते मी देते, कारण गूगल दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीप्रमाणे अ‍ॅप सुधारायला लावतं.

सासऱ्यांनी वही अजून बंद केलेली नाही. संध्याकाळी वही आणि फोन शेजारी ठेवून ते दोन्ही नोंदी ताडून पाहतात. यंदा खरड छाटणीनंतर (काढणी झाल्यावरच्या, उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर) दुसरा टप्पा सुरू करतोय. काम याच कंपनीला दिलं आहे, आणि या वेळी उशीर झाला तर किती रक्कम कापायची तेही करारात लिहून घेतलं आहे.