विंडोज ११ सोबत लिनक्स मिंट, एकाच लॅपटॉपवर : दिवाळीपासूनचा अनुभव, बूटच्या सगळ्या भानगडींसकट

आधीच सांगून टाकते, डुअल बूट (एकाच मशीनवर दोन सिस्टीम, चालू करताना एक निवडायची) ठेवलाय आणि काढणार नाहीये. पण ज्यांना वाटते की एकदा इन्स्टॉल केलं की झालं, मग बघायचं काम नाही, त्यांच्यासाठी हे लांबलचक लिहून राहिली.

माझं काम अकाउंटचं. टॅली, डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन, इन्कम टॅक्सच्या युटिलिट्या, हे विंडोजवरच धड चालते, त्याला इलाज नाही. बाकी मेल, ब्राउझर, पीडीएफ जोडणे-तोडणे, थोडंफार पायथन, हे सगळं मिंटवर, आणि खरं सांगू तर दिवसातला जास्त वेळ मिंटवरच जाते. व्हर्च्युअल मशीनही (एका सिस्टीमच्या आत दुसरी चालवायची) करून पाहिली, पण ८ जीबी रॅममध्ये दोन्ही बिचारे उपाशी. म्हणून डुअल बूट.

आता मुद्द्याचं. "बूटलोडर (मशीन चालू होताना सिस्टीमला उठवणारा लहान प्रोग्राम) उडाला" असं लोक म्हणतात ना, त्यातल्या बहुतेक वेळी काहीही उडालेलं नसते. डिस्कवर एक लहानसं एफएटी३२ चं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) असते, ईएसपी म्हणतात त्याला, विंडोज स्वतः बनवते तेव्हा साधारण १०० एमबीचं. त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, त्याच्या आत मायक्रोसॉफ्टचं वेगळं आणि उबंटूचं वेगळं (मिंट टाकलं तरी फोल्डर उबंटू नावानेच बनते, बूट मेनूतही उबंटूच दिसते, घाबरू नका). दोघंही शेजारी शेजारी, कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. आणि कोणाला आधी उठवायचं याची यादी असते मदरबोर्डवरच्या मेमरीत, डिस्कवर नाही. गडबड होते ती जास्त करून या यादीत. म्हणजे दुकान जागेवरच आहे, फक्त बाहेरची पाटी कोणीतरी काढून ठेवली.

माझ्याकडे पहिल्यांदा झालं ते बीआयओएस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, यालाच फर्मवेअरही म्हणतात) अपडेटनंतर. लॅपटॉपच्या कंपनीचं नाव घेत नाही, पण अपडेट झाला, मशीन रिस्टार्ट झालं आणि सरळ विंडोज. ग्रबचा (म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा) मेनू नाही, काही नाही. एफ१२ दाबून बूट मेनू पाहिला तर तिथेही फक्त विंडोज बूट मॅनेजर, उबंटू गायब. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात फोन केला, तर तिकडून लगेच, "ताई, फॉर्मॅट मारावं लागते, डाटाची काही गॅरंटी नाही." कायची गॅरंटी नाही बाप्पा, डाटाला हातही लागला नाहीये! बीआयओएसमध्ये गेली, बूटच्या पानावर "अ‍ॅड बूट ऑप्शन" असं होतं, त्यात फाइल निवडायला सांगते, ईएफआय, मग उबंटू, मग शिमएक्स६४ (शिम म्हणजे ग्रबला उठवणारी लहानशी फाइल). निवडली, नाव दिलं मिंट, वर सरकवली, एफ१० दाबून सेव्ह. चहा थंड व्हायच्या आत मेनू परत.

सगळ्याच लॅपटॉपमध्ये हा ऑप्शन नसते. तेव्हा मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाईव्ह (इन्स्टॉल न करता थेट मिंट) चालू करायचं आणि ईएफआयबूटएमजीआर ही कमांड वापरायची. नुसती कमांड मारली की यादी दिसते, बूटकरंट, बूटऑर्डर आणि खाली ००००, ०००१ अशा नंबरांनी एन्ट्र्या. एन्ट्री असेल पण खाली गेली असेल तर छोटा ओ लावून क्रम बदलायचा, एन्ट्रीच नसेल तर छोटा सी लावून नवीन बनवायची, डिस्क, पार्टिशन नंबर आणि शिमचा पत्ता देऊन. एकच बघा, पेनड्राइव्ह यूईएफआय (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरच्या) मोडमध्ये चालू झालेला पाहिजे. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसते बरेचदा, त्यातला यूईएफआय लिहिलेला घ्या. सिसच्या आत फर्मवेअर, त्यात ईएफआय असं फोल्डर दिसलं तर बरोबर मोड, नाही दिसलं तर ही कमांड चालणारच नाही आणि तुम्ही उगाच डोकं फोडत बसाल.

काही फर्मवेअर इतके हट्टी असतात की क्रम बदलला तरी पुढच्या वेळी विंडोजच पहिल्या नंबरवर. तिथे विंडोजमध्ये अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट या कमांडने बूटएमजीआरचा (विंडोज बूट मॅनेजरचा) पाथ शिमकडे वळवायचा ही युक्ती चालते. मी माझ्याकडे नाही केली, गरज पडली नाही, पण ऑफिसमधल्या एका लॅपटॉपवर केली आणि अजून टिकून आहे.

मावसभावाची केस वेगळी. इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजसाठी उबंटू टाकलं होतं, मग जागा कमी पडली म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन सरळ डिलीट. रात्री त्याचा फोन, "ताई, लॅपटॉप गेला ना! काळी स्क्रीन येऊन राहिली, वर काहीतरी मिनिमल बॅश लिहून आहे." म्हटलं, खाली ग्रब लिहिलेलं दिसते का, आणि बाजूला बाणासारखं चिन्ह? दिसते. मग फक्त एक्झिट टाइप कर आणि एंटर मार. तो म्हणते, "एवढंच?" आणि विंडोजचा लोगो. झालं काय होतं, ईएसपीवरचा ग्रब जिवंत होता, पण त्याला ज्या पार्टिशनवरून मेनूची फाइल वाचायची ते पार्टिशनच राहिलं नव्हतं, म्हणून तो नुसता प्रॉम्प्ट देऊन बसला. एक्झिट म्हटलं की तो बाजूला होते आणि फर्मवेअर यादीतला पुढचा घेते. बहुतेक मशीनवर हे चालते. नाही चाललं तर एफ१२ मधून विंडोज निवडा. नंतर त्याच्याकडे जाऊन उबंटूची एन्ट्री आणि ईएसपीतलं तेवढं फोल्डर काढून दिलं. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरला हात लावायचा नाही, हे मी त्याला तिथेच बसून दोनदा बोलून दाखवलं कारण पोरगं डिलीटच्या बाबतीत जरा जास्तच उत्साही आहे.

ग्रब रेस्क्यू हा याच्याहून वाईट प्रॉम्प्ट, तो जास्त करून जुन्या बीआयओएस आणि एमबीआरवाल्या (डिस्कची जुनी मांडणी) मशीनवर दिसते. तिथे एलएस मारून पार्टिशन बघायचे, एकेकात बूट-ग्रब फोल्डर आहे का ते शोधायचं, सापडलं की प्रीफिक्स आणि रूट सेट करायचे, मग इन्समॉड नॉर्मल आणि मग नॉर्मल. मेनू आला की लिनक्समध्ये शिरून ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब केल्याशिवाय थांबू नका, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच. हे सगळं नको वाटत असेल तर मिंटच्या लाईव्ह पेनड्राइव्हमध्ये बूट रिपेअर आधीच टाकलेलं असते. त्याचं रेकमेंडेड रिपेअर बरेचदा काम करते. पण माझं मत विचाराल तर पहिलं औषध म्हणून ते घेऊ नका. नुसता क्रम बदलायचा असते आणि ते बिचारं पूर्ण ग्रबच परत टाकून बसते.

आणखी एक स्क्रीन, जी पाहून लोकांची पाचावर धारण बसते, "व्हेरिफाइंग शिम एसबॅट डाटा फेल्ड", खाली "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग". ही ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभर दिसली होती. जुन्या कमजोर बूटलोडरना सिक्युअर बूटने (खात्रीशीर सही नसलेलं काही चालू होऊ न देणारी फर्मवेअरची सोय) उभं करू नये म्हणून ती बंदी होती, डुअल बूटवाल्या मशीनना ती लागायची नव्हती पण लागली. उपाय असा, सिक्युअर बूट तात्पुरता बंद, लिनक्समध्ये जाऊन मोकयुटिल या कमांडने एसबॅट पॉलिसी (त्या बंदीची यादी) डिलीट, रिस्टार्ट, सिस्टीम अपडेट, मग सिक्युअर बूट परत चालू. मे २०२५ च्या विंडोज अपडेटमध्ये हे निस्तरलं. तरी जुना आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) पेनड्राइव्हवर ठेवून असाल तर तो पेनड्राइव्हही अशीच एरर देऊ शकते, म्हणून ताजा आयएसओ ठेवा.

सिक्युअर बूट म्हटलं की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) आलाच. घरच्या विंडोज ११ मध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असते आणि लोकांना पत्ताच नसते. बीआयओएसमध्ये काही हलवलं की निळी स्क्रीन, ४८ आकडी रिकव्हरी की द्या. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, आता ते अकाउंट दुकानदारानं कोणत्या ईमेलनं उघडलं होतं हे शोधा! मी की कागदावर लिहून क्लायंटच्या फाइलींच्या कपाटात ठेवली, आणि बीआयओएसला हात लावायच्या आधी विंडोजमधून बिटलॉकर सस्पेंड करते. एवढं एक केलं तरी अर्धा त्रास गेला म्हणा.

रोजच्या वापरात मात्र बूटलोडरपेक्षा जास्त छळलं ते फास्ट स्टार्टअपनं. शटडाउन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नल (सिस्टीमचा गाभा) हायबरनेट करून, म्हणजे डिस्कवर जसाच्या तसा जतन करून ठेवते, आणि एनटीएफएस (विंडोजच्या) पार्टिशनवर तशी खूण राहते. मिंटमध्ये आलं की डी ड्राइव्ह फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, किंवा माउंटच होत नाही, म्हणजे उघडतच नाही. माझ्या सगळ्या क्लायंटच्या फाइली डी वर, म्हणजे पंचाईत. अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्लॅश एच ऑफ, विषय संपला. विंडोज चालू व्हायला थोडं जास्त घेते, घेऊ दे.

घड्याळाचंही तसंच. मिंट हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी ठेवते आणि विंडोज तेच लोकल टाइम समजते, मग मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागे. सकाळी दहा वाजता मशीन म्हणते साडेचार वाजले. एकदा पोर्टलचं लॉगिन सर्टिफिकेटच्या एररवर अडकलं ते यामुळेच. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएलला सेट-लोकल-आरटीसी १ सांगितलं की झालं.

उन्हाळ्यातला एक किस्सा, तो ऑफिसच्या डेस्कटॉपचा. मे महिन्यात इकडे संध्याकाळी वावधन सुटते आणि लाईट जाते हे काही नवीन नाही. त्या पीसीला यूपीएस नाही, नेमका कर्नलचा अपडेट चालू असताना लाईट गेली. परत आल्यावर ग्रबचा मेनू बरोबर, पण मिंट निवडलं की कर्नल पॅनिक, "अनेबल टू माउंट रूट एफएस". सगळे म्हणाले ग्रब गेला. ग्रबचा काय संबंध, तो तर मेनू दाखवून राहिला ना! नवीन कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (सुरुवातीला डिस्क उघडायला कर्नलला लागते ती) अर्धवट राहिली होती. मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल असते, त्यानं मशीन चालू केलं, डीपीकेजी कॉन्फिगर करून अडकलेलं पॅकेज पूर्ण केलं, इनिटरॅमएफएस अपडेट केली, सुरळीत. म्हणून जुने कर्नल साफ करायचा सोस करू नका, एक तरी मागचा ठेवा.

आता ज्या बदलानं खरी शांती मिळाली तो. लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट रिकामा होता, त्यात वेगळी एसएसडी टाकली आणि मिंट पूर्ण तिच्यावर हलवलं, तिचा स्वतःचा ईएसपी वेगळा. इथे एक खोच आहे. मिंटचा इन्स्टॉलर बूटलोडर कुठे टाकायचा म्हणून विचारते, तुम्ही दुसरी डिस्क निवडता, आणि तरी तो पहिल्या डिस्कच्या ईएसपीतच नेऊन टाकते. उबंटूच्या इन्स्टॉलरचा जुना बग आहे. म्हणून इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवली, दोन स्क्रूचं काम. मागचं कव्हर उघडताना नखाऐवजी जुनं एटीएम कार्ड वापरा, क्लिपा तुटत नाहीत. इन्स्टॉल झालं, डिस्क परत लावली, मिंटमध्ये अपडेट-ग्रब मारलं, ओएस-प्रोबरनं विंडोज शोधून मेनूत टाकलं. उबंटूवाल्यांनी लक्षात ठेवा, २०२१ च्या ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर मुळात बंद असते, विंडोज मेनूत दिसलं नाही तर इटीसी-डिफॉल्ट-ग्रबमध्ये डिसेबल ओएस प्रोबर फॉल्स करून परत अपडेट-ग्रब.

यानंतर विंडोज काय करते, कोणतं रिकव्हरी पार्टिशन वाढवते, याच्याशी मिंटला घेणं-देणं राहिलं नाही. शिवाय वेगळ्या डिस्कवर बूटएक्स६४ ही फॉलबॅक फाइल असते, एन्ट्री पुसली गेली तरी एफ१२ मध्ये डिस्कचं नाव निवडलं की त्या फाइलीवरून चालू होते. दुसरा स्लॉट नसेल तर एकाच डिस्कवरही चालते, मी सुरुवातीचे महिने तसंच काढले, फक्त ईएसपी १०० एमबीचाच आहे, त्यात जागा कमी हे ध्यानात ठेवा.

तक्रारी उरल्यात त्या बारीक. ग्रबचा मेनू या हाय रिझोल्यूशन स्क्रीनवर मुंगीएवढा दिसते, रिझोल्यूशन कमी करून पाहिलं, बरं आहे पण सुंदर नाही. डिफॉल्ट सेव्ह्डवर ठेवलंय, म्हणजे शेवटी जे चालवलं तेच पुढच्या वेळी, त्यामुळे विंडोजचे अपडेट दोन-तीनदा रिस्टार्ट घेतात तेव्हा मध्येच मिंट उघडत नाही. घरच्यांना मेनू दिसला की अजूनही हाक येते, "अगं, काय दाबू?" वर-खाली बाण आणि एंटर, एवढंच आहे, पण असो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारून राहिले की जुन्या मशीनवर हे करू का. करा, पण पेनड्राइव्ह, रिकव्हरी की आणि बॅकअप हे तीन हाताशी असल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नका. माझ्या लॅपटॉपवर आता परत नवीन बीआयओएस अपडेटचं नोटिफिकेशन येऊन बसलंय. २० तारखेचे जीएसटीचे थ्रीबी रिटर्न भरून झाले की बघीन त्याच्याकडे, तोपर्यंत लेटर दाबून राहिली.